मामींचा ‘टू’

आमच्या बोरीच्या मामींना जगातली एकही गोष्ट बेताची वाटल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांचं ऊन लय असतं, त्यांची थंडी लय असते, आणि या दोन्हींच्या मधे जे चार सुखाचे दिवस परभणी जिल्ह्याच्या वाट्याला येतात, त्या दिवसांत त्यांना डास लय असतात. म्हशीनं दूध दिलं तर लय दिलं. नाही दिलं तर म्हैस लय वांड झाली. जिंतूरची एसटी एकदा चुकून वेळेवर आली, तर ‘लय लवकर आली मेली’ म्हणून मामी तिच्यावरही रागावल्या. मी परभणीला शाळेत शिकवते, अधूनमधून रविवार काढून बोरीला जाते, आणि दारात पाऊल ठेवायच्या आत एकतर ‘लय वाळलीस’ किंवा ‘लय सुटलीस’ असा निकाल ऐकते. गेल्या श्रावणात हे दोन्ही निकाल एकाच दुपारी लागले. मधे फक्त जेवण झालं होतं. या सगळ्या गदारोळात माझे मामा ओट्यावर शांत बसून असतात. त्यांच्याबद्दल मामींची तक्रार एकच, “हे लय गप हायत.” मामा त्यावरही काही बोलत नाहीत.

मामींचं हे असं झकास चाललं असताना माझ्या मामेभावानं पुण्यात, आपल्याच कंपनीतल्या केरळच्या मुलीशी लग्न ठरवलं. मामींना मुलगी पाहताक्षणी आवडली. लय आवडली. अडचण होती ती बोलायची. सुनेला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम, आणि मामींची हिंदी म्हणजे परभणीच्या बाजारात तयार झालेली. “तेरेकू भूक लगी क्या? बैठ की वो पाटपे!” असं त्या पहिल्याच दिवशी प्रेमानं ओरडल्या, तेव्हा ती बिचारी दचकून उभीच राहिली. म्हणून मामींनी ठरवलं, आपणच इंग्रजी शिकायचं. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून त्या भाकरी थापता थापता इंग्रजीचे धडे बघू लागल्या. मोबाइलमधला मास्तर एके दिवशी म्हणाला, “द टी इज टू हॉट, चहा खूपच गरम आहे.” मामींचा हात भाकरीवर थांबला. त्यांनी मला तिथूनच फोन लावला.

“खूपच म्हंजे लय. अन् लय म्हंजे टू! मग राहिलं काय गं इंग्रजीत?”

मी तास घेत होते, “हो हो” म्हणून फोन ठेवला.

त्या दिवसापासून बोरी गावात ‘टू’चा नुसता सुकाळ झाला. आठवडी बाजारात त्या भाजीवाल्याला म्हणाल्या, “वांगी टू किडकी हायत.” तो म्हणाला, “मावशी, दोन नसतील, एखादं आसंल.” डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, “गुडघा टू दुखायलाय.” डॉक्टरांनी विचारलं, “दोन्ही का?” तर म्हणाल्या, “न्हाई, एकच, पर टू!” सुनेला चारठाण्याची जुनी देवळं दाखवायला नेलं, तेव्हा मीही सोबत होते. ती कोरीव खांबांकडे बघत हळूच म्हणाली, “नाइस, अम्मा.” मामींना तेवढ्यावर भागवणं कुठून जमायला! त्यांनी तिचा हात धरून खांबावर ठेवला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं सांगितलं, “नाइस न्हाई. टू नाइस! टू ओल्ड! टू दगड!” सून इतकी हसली की तिथल्या पायरीवरच बसली. पुण्याला परतल्यावर ती रोज संध्याकाळी मामींना फोन करू लागली. काय बोलत असतील देव जाणे, पण दोघी बोलायच्या बराच वेळ, आणि दोन्हीकडून हसू ऐकू यायचं.

आणि एकाएकी हे फोन बंद झाले. आता आठवड्यातून एकदा मुलाचा फोन यायचा, सून त्याच्या मागून “हॅलो अम्मा, फाइन?” एवढंच विचारून बाजूला व्हायची. मामींचा मला फोन आला, तेव्हा आधी मी त्यांचा आवाजच ओळखला नाही. त्यात एकही ‘लय’ नव्हतं. “सून बोलंना झालीय,” एवढंच म्हणाल्या. मी त्याच रविवारी बोरी गाठली. मामींनी मला वाळलीस म्हटलं नाही, सुटलीस म्हटलं नाही, नुसतं पाणी आणून दिलं. मग मात्र मला खरंच भीती वाटली.

“काही भांडण झालं का?” मी विचारलं.

“भांडण? अगं, मी तर तिच्या आईपशी तिचं कौतुक केलं. फोनवर तोंड दिसतं न्हाई का, तसं. म्हन्लं, युवर डॉटर टू गुड. टू सॉफ्ट. डेली फोन. टू मच फोन! टू मच टॉकिंग!” मामींच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना उजेड आला. “इहीणबाई हसल्या बी. अन् मग कामून आसं झालं?”

माझ्या हातातला पेला तिथंच राहिला. मी अंगणात जाऊन सुनेला फोन लावला. ती आधी इंग्रजीत “काही नाही, कामात होते” म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. तिच्या आईनं तिला सांगितलं होतं, तुझ्या सासूबाई फार सभ्य आहेत, त्यांनी मला हसत हसत सुचवलंय की तू त्यांना फोन करकरून भंडावतेस. तेव्हा जरा कमी कर. “मला वाटायचं, अम्मांना माझ्याशी बोलायला आवडतं,” ती म्हणाली.

आत येऊन मी मामींना समजावलं. टू म्हणजे नुसतं लय नाही. टू म्हणजे नको इतकं, सोसवेना इतकं. मामी ऐकत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात, की ओट्यावरचे मामा उठून आत आले.

“म्हंजे मी त्या लेकराला म्हन्ले, तुझा फोन मला सोसंना?”

“तसंच झालं ते.”

“अन् तुझी लेक नको इतकी चांगली हाय, आसं बी म्हन्ले?” मामींनी क्षणभर विचार केला. “ते तर खरंच हाय की!”

मग त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि सुनेला लावला. पलीकडून हॅलो यायच्या आत सुरू झाल्या, “नो टू! मिस्टेक! फोन व्हेरी गुड! मोअर फोन! मॉर्निंग बी फोन, इव्हनिंग बी फोन!” मग सून सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “अम्मा, तू लय चांगला आहे.” मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, “चांगला म्हन्ली मला. म्हनू दे. तिला काही बी म्हनू दे.”

पुढं हुरड्याच्या दिवसांत विहीणबाई केरळातून बोरीला आल्या. शेतात आगटीभोवती सगळे बसलो होतो. मामींनी कोवळ्या ज्वारीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. विहीणबाईंनी तो चटणी समजून चांगला घासभर घेतला. दुसऱ्या क्षणाला त्यांचे डोळे वाहू लागले. “टू... टू स्पायसी!” त्या कशाबशा म्हणाल्या. मामींनी आधी माझ्याकडे वळून, परीक्षेतलं उत्तर बरोबर आल्यासारख्या आनंदानं विचारलं, “ह्यो बरोबर टू हाय ना गं?” आणि मग दह्याचं गाडगं घेऊन धावल्या.

आता सुनेला दिवस गेलेत, आणि तिच्या हट्टानं मामी पुण्याला जाऊन राहिल्यात. हल्ली मला त्यांचे फोन फारसे येत नाहीत. त्यांचं बोलणं तिकडंच पुरं होत असावं, आणि ते बरंच आहे, असं मी स्वतःला सांगते. मागच्या रविवारी मामांना डबा घेऊन बोरीला गेले. घर झाडलेलं होतं, म्हशीचं वेळेवर झालेलं होतं, आणि मी वाळले की सुटले हे कुणी सांगितलं नाही. निघताना मामा मला सोडायला बसस्टँडपर्यंत आले.

“बोलनं झालं तिच्याशी, तर सांग,” ते म्हणाले. “हिकडं समदं ठीक हाय. सावकाश ये म्हनावं.”

मी बरं म्हटलं. गाडी आली, मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली, तसे मामा चार पावलं खिडकीच्या बरोबरीनं चालत आले.

“लय सावकाश नको म्हनावं,” ते म्हणाले.