रम्याची चौकशी

आमची नात रम्या यंदा फिजिक्समध्ये एमएस्सी झाली. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, त्यामुळे अणू म्हणजे काय ते मला तिनेच सांगितलं, तेही दोसा उलटता उलटता. एकदा तिनं कॉलेजातून किरणोत्सर्ग मोजणारी एक पेटी आणली आणि माझ्या गावाहून आणलेल्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर धरली. पेटी टिकटिकायला लागली.

"अज्जा, तुमच्या गावचे दगडसुद्धा गप्प बसत नाहीत," म्हणाली.

उन्हाळ्यात तिची परगावी, सरकारी अणुसंशोधनाच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. इथल्याच इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक कंपनीही बोलावत होती. तिचा बाप, माझा गिरीराज, कंपनीच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, पोरगी घरी तरी राहील. दोन्हीकडे सोमवारपर्यंत कळवायचं होतं आणि रम्या कुणालाच काही कळवत नव्हती.

गुरुवारी दुपारी मी एकटाच घरी होतो. साध्या कपड्यांतला एक माणूस काखेत फाइल घेऊन आला. नाव नागराज. "रम्याबद्दल थोडं विचारायचंय," म्हणाला. पुढे काही सांगू लागला, पण मी त्याला आधी बसवलं, कॉफी दिली.

आमच्या लोकांत सोयरीक करण्याआधी मुलाकडचं कुणीतरी असंच न कळवता येतं. माझ्या वेळी तर सासरे थेट आमच्या न्हाव्याला विचारून गेले होते. न्हाव्यानं माझी इतकी स्तुती केली की सासऱ्यांना संशय आला.

"मुलगी स्वभावानं कशी?"

"सोनं."

"नातेवाईक परदेशात कुणी?"

"पुष्कळ!" एक भाचा दुबईत होता, मी त्याचे चार केले.

"ही जाईल का बाहेर?"

"मुलगा अमेरिकेत असला तर उद्या निघेल. पासपोर्ट तयार आहे. नोकरीचं काय, लग्न झालं की सोडेल."

नागराजनं सगळं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. हल्लीचे लोक पक्के, असं वाटलं मला.

संध्याकाळी रम्याला मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं.

"अज्जा, ते पोलीस होते! प्रशिक्षणाला घेण्याआधी चौकशी करतात. परदेशी निघून जाईन, नोकरी सोडीन, असं सही करून दिलंत तुम्ही?"

तिनं मला स्कूटरवर मागे बसवलं आणि तडक ठाणं गाठलं. नागराज निघण्याच्या तयारीत होता. ऐकून पोट धरून हसला.

"तरीच! मी म्हटलं, अज्जा मधेच अमेरिकेतल्या मुलाचं का बोलतात?"

मग रम्याकडे वळून गंभीर झाला. "कागद उद्या वर जातो. बदलून देतो, पण खरं सांग अम्मा. तू जाणार आहेस ना? नसशील तर राहू दे असाच."

रम्यानं समोरची फाइल मिटली.

"जाणार आहे," म्हणाली. "नवा कागद द्या."

मी पुन्हा जबाब दिला. दुबईत भाचा एकच. बाकी, तिला विचारा.

बाहेर येऊन तिनं बापाला फोन लावला. तो बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत अडकला होता, हॉर्न मलाही ऐकू येत होते.

"अप्पा, कंपनीला नाही म्हणून कळवतेय."

"अगं, स्वल्प थांब. घरी येतो, बोलू."

"या ना. जेवायला थांबते," ती म्हणाली. "पण मेल आत्ता करते."

आणि स्कूटरच्या सीटवर फोन टेकवून, उभ्याउभ्याच तिनं तो केला.