एका दिवसाच्या वाटेचं ओझं

माझे वडील सांगायचे, सकाळी निघून संध्याकाळी परतायचं असेल तर जे खाता येतं तेवढंच बरोबर घ्यावं. येताना ते पोटात असतं, आणि पोटातलं ओझं खांद्याला लागत नाही. हे शहाणपण आंदण म्हणून घेऊन मी लग्नानंतर कन्हेरीला आले. भाकरी, ठेचा, कांदा, पाण्याला भोपळ्याचा तुंबा, पायात वहाणा आणि हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी. सापासाठी काठी नेणारी माणसं साप दिसला की आधी काठी टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ही गोष्ट महायुद्धाच्या आधीची, तीसच्या दशकातली. घरात आम्ही दोघी सुना. थोरली जाऊ कळंबची. तिला तीन वर्षं माहेरी पाठवलं नव्हतं आणि कारण होतं फेटा. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी मामंजींना मानाचा फेटा बांधला. त्याचा रंग घामानं सुटला आणि वरातीत मामंजींचं कपाळ गुलाबी झालं. लोक हसले. रंग टिकेल असा फेटा आल्याशिवाय सून माहेरी जाणार नाही, असं मामंजींनी जाहीर केलं. कळंबहून उलट निरोप आला, की फेटा चांगलाच होता, घामच खारट. दोघांची डोकी तापलेली, आणि चटके बसायचे जावेला. भांडी घासता घासता ती रडायची. मला चीड यायची ती फेट्याची नाही, फेट्याखालच्या डोक्याची.

कन्हेरी आणि कळंबच्या मध्ये, माळावर, एक देवी आहे. डोंगरावरची देवी म्हणतात, पण आमच्याकडचा डोंगर म्हणजे जमिनीला आलेलं टेंगूळ. माघातल्या एका मंगळवारी आम्ही दोघींनी देवीला जायची परवानगी काढली. अट एकच, दिवेलागणीच्या आत घरी. त्याच दिवशी जावेची आई कळंबहून तिथं येणार होती, हे मात्र मामंजींना ठाऊक नव्हतं. बांगड्या भरायला गावोगाव फिरणाऱ्या कासाराकरवी आम्ही गुपचूप निरोप धाडला होता.

आदल्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. जावेची तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई विहिणीला बघणार, घरी येऊन नवऱ्याला सांगणार, आणि मग माहेर सोडाच, पाणवठाही बंद. पण नाही म्हणायची छाती कुणाची?

सकाळी ओझं बघून मी कपाळाला हात लावला. दोन घोंगड्या, तवा, काठवट, बाजरीचं पीठ, सरपणाची मोळी आणि वर कंदील. तवा कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या, देवीला नैवेद्य गरम लागतो. घोंगड्या? बसायला. आणि भर दिवसा कंदील? तर म्हणे गाभाऱ्यात अंधार असतो. वडिलांचं शहाणपण मी ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तवा माझ्या पाठीला बांधला.

कालव्याकडेनं उसाच्या सावलीत बरं वाटलं. पुढं माळ लागला आणि माझी बडबड सुरू झाली. तवा दर पावलाला मला मारत होता, त्यामुळं सासूबाईंना वेगळे कष्ट नव्हते. त्या पुढं तरातरा चालत होत्या. जाऊ मागं, पाय ओढत.

देवळामागच्या लिंबाखाली तिची आई बसली होती. सासूबाईंना बघून ती पदर सावरत उठली. सासूबाईंनी, जणू बाजारात गाठ पडावी तसं, कळंबकडं हरभरा कसा आहे ते विचारलं आणि देवळात शिरल्या. पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. देवीशी एवढं बोलण्यासारखं त्यांच्याकडं काय होतं, कोण जाणे.

तेवढ्या वेळात मायलेकींनी मन मोकळं केलं असेल असं वाटतं ना? छे. आई घास भरवत होती आणि एकच विचारत होती, बरी हाईस न्हवं? लेक मान हलवत होती. दोघींचं लक्ष उन्हाकडं. ऊन कललं तशी मी बोचकी बांधायला घेतली. जाऊ उठली. आईनं तिचा हात धरला तो सोडेना. ते मला बघवेना, म्हणून मी गाठी उगाच दोनदा मारल्या.

तेवढ्यात सासूबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा गुडघा धरलाय. मी काय आज हितनं हलत न्हाय."

सकाळपासून माझ्यापुढं पळत होता तो गुडघा कुणाचा होता, असं मी विचारलंच.

"तुला बोलल्याबिगर करमत न्हाय व्हय? चूल मांड."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कासार आमच्या आधी त्यांचा होता; आमचा निरोप त्यानं त्यांच्याही कानावर घातला होता, आणि तवा-घोंगड्या रात्रीसाठीच होत्या. कन्हेरीकडं निघालेल्या एका मेंढक्याला त्यांनी हाक मारली आणि मामंजींसाठी निरोप दिला, "म्हणावं, देवीनं पाय धरलाय. उद्या सोडंल." देवीशी भांडायची मामंजींची तयारी नव्हती, तिच्याकडं फेटा मागता येत नव्हता.

जावेपुढं आता अख्खी रात्र होती, आणि बोलायला तीन वर्षांचं साठलेलं. मी घोंगडी अंथरून दिली. जरा पाठ टेकते म्हणून ती आईच्या मांडीवर आडवी झाली, आणि माझी पहिली भाकरी तव्यावर पडायच्या आत ती गाढ झोपली. आमच्या घरी सगळ्यांच्या शेवटी निजायचं आणि सगळ्यांच्या आधी जात्यावर बसायचं, हे तिचं काम. पण म्हणून आजच झोपावं? मला राग आला. पाच कोस चालत आली होती ती म्हातारी. मी जावेला हलवायला गेले.

तिच्या आईनं हातानंच मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे बाई. माज्या घरची झोप हाय ती."

 सासूबाई चुलीपाशी आल्या, त्याच दुखऱ्या गुडघ्याची मांडी घालून बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, भाकरी आवाज न करता थाप.