लिलीचं स्थळ

आमच्या घरात कुणालाच कुत्री आवडत नव्हती आणि आमच्याकडे आठ होती.

संस्थान विलीन झालं, तेव्हा भोरातले बरेच अधिकारी सामान बांधून पुण्या-मुंबईकडे निघाले. त्यांतल्या एका साहेबांच्या मुलांना मी चित्रकला शिकवत असे. "मास्तर, जाताना तुम्हाला काहीतरी आठवण द्यायचीय," असं साहेब म्हणाले. मी मनात भिंतीवरचं घड्याळ धरून गेलो आणि कुत्री घेऊन आलो.

तिचं नाव लिली. रंग सोनेरी, पाय आखूड आणि कान इतके लांब की पाणी प्यायला वाकली की जिभेआधी कान भिजायचे. आईनं तिला पाहिलं आणि म्हणाली, "दत्तू, हिचे कान कुणीतरी वर बांधा रे. बघवत नाही." पुढं तिच्याबद्दल आईचं तेवढंच मत होतं.

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण साहेबांनी जाता जाता माझ्या कानात सांगितलं होतं, "जात अस्सल आहे हं. जपा." झालं! त्या दिवसापासून मी स्वतःच्या कुळाबद्दल कधी बोललो नव्हतो इतका लिलीच्या कुळाबद्दल बोलू लागलो. शाळेत, बाजारात, नदीवर, जिथं उभा राहीन तिथं. "हिला पिल्लं होतील ती हिच्याच जातीची झाली पाहिजेत," असं मी सांगे आणि ऐकणारा (सुटका व्हावी म्हणून) म्हणे, "मग मास्तर, एक आम्हाला ठेवा." मी लगेच कबूल! हेडमास्तरांना कबूल, मामलेदारांना कबूल, नसरापूरच्या कापडवाल्याला कबूल. ज्यांनी मागितलं नाही त्यांनाही कबूल.

गुरांचे डॉक्टर तेवढे निराळे. ते म्हणाले, "मास्तर, पिल्लं होऊ द्यायचीच कशाला? आणि द्यायचीच असतील, तर आधी घरं नक्की करा. तोंडी नव्हे, नक्की."

"डॉक्टर, रांग लागलीय रांग!"

"मादी घ्यायला पण?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. अस्सल जातीत असले प्रश्न येत नाहीत, अशी माझी समजूत होती.

लिलीला साजेसा नवरा शोधायची कामगिरी मी माझ्या मेहुण्यावर, म्हणजे माझी बायको कमल हिच्या भावावर, वसंतावर सोपवली. तो पुण्याला होता आणि थट्टेखेरीज त्याला दुसरा उद्योग नव्हता. त्यानं कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा प्रिन्स नावाचा कुत्रा शोधून काढला. तेव्हापासून आम्ही दोघं मेहुणे त्या कुत्र्याला 'स्थळ' म्हणायचो. "स्थळ कसं आहे?" "स्थळ उत्तम, पण नाक जरा चपटं." आम्हाला याचं फार हसू यायचं. (माणूस स्वतःच्या विनोदांनी कसा खड्ड्यात जातो, हे तेव्हा कळलं नव्हतं.)

कारण घरात एक खरं स्थळही चालू होतं. माझी धाकटी बहीण सुशी लग्नाची होती. दिसायला नीटस, कामाला वाघीण, पण हसायला लागली की पार एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू जायचं. याआधीचे पाहुणे त्या हसण्यावरच परत गेले होते. आईनं धसका घेतला होता. आता सासवडच्या एका मुलाचं, जगन्नाथचं, मोठ्या खटपटीनं जमत आलं होतं आणि "या पंधरवड्यात कधीतरी येऊन मुलगी बघून जाऊ," असा त्यांचा निरोप होता. आईनं सुशीला बजावलं होतं, "या खेपेला हसलीस, तर मी जीव देईन."

नेमकी त्याच पंधरवड्यात लिली माजावर आली!

भोरात इतके कुत्रे आहेत हे मला माहीत नव्हतं. सकाळी दार उघडलं तर ओटा भरलेला. तांबडे, पांढरे, ठिपक्यांचे, एक तर लंगडत नदीपलीकडून आलेला. सगळे शांत बसलेले, एखाद्या व्याख्यानाला बसावेत तसे. कमल पाण्याची बादली घेऊन गेली; ते उठले, अंग झाडलं आणि पुन्हा बसले. मी लिलीला मधल्या घराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत घातलं आणि दाराला मुसळ टेकवून ठेवलं. कडी मोडकी होती. मग वसंताला निरोप धाडला : स्थळ ताबडतोब घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना गेनू कंडक्टर घरी आला. सकाळच्या गाडीला त्याला पुण्यात वसंता भेटला होता आणि वसंतानं आपल्या स्वभावाप्रमाणे निरोप दिला होता. गेनूला वाटलं, खरंच माणसाची गोष्ट आहे. त्यानं आईला जसाच्या तसा सांगितला.

"आज्जी, नवरदेव सांजच्या गाडीनं येतुया बगा. खानदान लई मोठं हाय म्हनं. पर येक हाय, गाडी लागती त्येला. आल्या आल्या खायला घालू नगा, वकतो."

"अगं बाई!"

"आन् पयल्यांदा पोरीजवळ येकदम सोडू नगा. चावतो म्हनं."

मी शाळेतून आलो तेव्हा घर सारवून झालं होतं, सुशी नव्या लुगड्यात आणि आई घामात. आई म्हणाली, "दत्तू, निरोप आलाय. ते सांजच्या गाडीनं येताहेत." मला भरून आलं. आईला लिलीविषयी अखेर माया वाटू लागली!

"खानदान खरंच मोठं आहे ना रे?"

"एक नंबर! त्याची आई तर विलायतेत जन्मलेली."

आई जमिनीवर बसली. "आणि वडील?"

"वडलांनी पुण्यात पळण्याचं बक्षीस मिळवलंय."

"या वयात?... बरं, चावतो म्हणे."

"नव्या जागी सगळेच चावतात गं. दोन दिवसांत रुळेल."

"दोन दिवस राहणार? लग्नाआधी?"

"मग? एका भेटीत का जमतं?"

आई माझ्याकडे अशी बघत राहिली, की तिला मुलगा झाल्याचा पश्चात्ताप होतोय हे मला कळायला हवं होतं. मी टोपी घातली आणि स्टँडवर गेलो.

गाडी आली. वसंता उतरला, काखेत प्रिन्स. मागोमाग एक तरुण उतरला, तो रुमालानं कोट पुसत होता. त्याच्यामागे एक जाडजूड मामा, नाकाला उपरणं लावून.

"दाजी," वसंता हळूच म्हणाला, "कापूरहोळच्या वळणावर प्रिन्स यांच्या कोटावर ओकला."

मी हात जोडले. तरुण बिचारा हसून म्हणाला, "असू द्या हो, मुकं जनावर. बरं, इथं दत्तू मास्तरांचं घर कुठंशी?"

"मीच तो!"

"मी जगन्नाथ. सासवडचा."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, पण घरी काय वाढून ठेवलंय हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. वाटेत मी एकच विनवणी करत होतो की ओट्यावरचे कुत्रे निदान एवढा वेळ फिरायला गेलेले असावेत. ते कुठंही गेले नव्हते. उलट वाढले होते. मामा म्हणाले, "तुमच्याकडे काही कार्य आहे का?"

पाहुण्यांना मधल्या घरात बसवलं. प्रिन्सनं ओट्यावरची मंडळी पाहिली होती, त्यामुळे त्याचे चारही पाय लटपटत होते. स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास आला. पोहे मात्र आले नाहीत. मी हाक मारली, "आई, पोहे!"

"नाहीत!" आतून उत्तर.

वास तर येतच होता. मामा खाकरले. सुशीला आणलं, पण आईनं तिला पार लांब, कोठीच्या दाराशी बसवलं आणि आपण मध्ये उभी राहिली, दोन्ही हात पसरून. जगन्नाथ नाव विचारायला जरासा पुढं सरकला, तर आई ओरडली, "तिथनंच विचारा! पुढं येऊ नका!"

मी आईला ओढून आत नेलं. "आई, हे काय चाललंय? पाहुणे उपाशी बसलेत!"

"बसू देत! ओकतो ना तो?"

"तो नव्हे गं, कुत्रा ओकतो!"

"आणि चावतो ते?"

"कुत्रा!"

"आणि विलायतेत जन्मलेली आई?"

"कुत्रीच की!"

हे शेवटचे शब्द मी जरा मोठ्यानं बोललो.  बाहेरून मामांचा आवाज आला, "जगन्नाथ, ऊठ. हे आपल्या घराबद्दल बोलताहेत."

मी धावत बाहेर आलो. पण तोवर प्रिन्सला बाहेर पळायला वाट सापडली नव्हती, म्हणून तो आत शिरला होता. आत म्हणजे मामांच्या धोतरात. मामा किंचाळले आणि त्या वयातल्या माणसानं मारू नये अशी उडी मारून भिंतीकडेच्या बाजेवर चढले. चढता चढता त्यांचा पाय मुसळाला लागला. मुसळ पडलं, कोठीचं दार उघडलं आणि लिली माझ्या दोन पायांमधून बाणासारखी बाहेर!

नेमका त्याच वेळी वेल्ह्याकडच्या डोंगरातून तूप घेऊन येणारा धुळाबा धनगर दारात उभा होता. त्याच्यामागे त्याचा काळ्या, मेंढरं राखणारा, वासराएवढा कुत्रा. ओट्यावरच्या साऱ्या सभेनं काळ्याला बघून केव्हाच वाट करून दिली होती. लिली थांबली. काळ्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि ती दोघं नदीच्या दिशेनं निघून गेली. ना हुंडा, ना मानपान!

"लिली! लिली!" करत मी अनवाणी पळालो. मागून सुशीचं हसू आलं. कोंडलेलं, दाबलेलं, आईच्या धाकानं अडवून धरलेलं ते हसू जे फुटलं, ते मला नदीवर ऐकू आलं. मला वाटलं, संपलं. कुत्रीही गेली आणि स्थळही गेलं.

लिलीला घेऊन परत आलो, तेव्हा फार उशीर झाला होता. (लिलीच्या बाबतीत.) घरात मात्र मामा अजून बाजेवरच होते आणि जगन्नाथ पोट धरून जमिनीवर बसून हसत होता. सुशी डोळ्यांतलं पाणी पुसत त्याला पोहे वाढत होती. "मामा," तो म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. आमच्या घरात वर्षानुवर्षं कुणी हसलेलं नाही." आई देवापुढं जाऊन जी बसली, ती दिवे लागले तरी उठली नाही.

प्रिन्स कोरडाच पुण्याला परत गेला. यथाकाल लिलीला सात पिल्लं झाली. कान आईवर गेले होते, बाकी सगळं काळ्यावर. म्हणजे दांडगी, काळीकुट्ट आणि चालताना स्वतःच्याच कानांवर पाय देऊन पडणारी. मी धुळाबाला बोलावून दाखवली.

"माझा काळ्या त्या दिशी रानात व्हता," धुळाबा म्हणाला.

"अरे, तूच दारात उभा होतास!"

"म्या व्हतो. काळ्या न्हवता."

"हे तोंड बघ, हे शेपूट बघ!"

"आसलं शेपूट लई जनांचं आसतं, मास्तर." आणि तो असा झपाट्यानं गेला की तुपाचं भांडंही विसरला.

आता माझी रांग! हेडमास्तरांच्या पत्नीला एकाएकी दमा झाला. मामलेदारांची बदली झाली. नसरापूरचा कापडवाला दुकानाच्या मागच्या दारानं निघून गेला, हे मी स्वतः पुढच्या दारात उभा राहून पाहिलं. शेवटी मी पिल्लं पिशवीत घालून दारोदार हिंडू लागलो. लोक पिशवीत डोकवायचे, पिल्लू उचलून उलटं करायचे आणि विचारायचे, "नर हाय का?" नर होते तेवढे गेले. एक गेनूनं गाडीतून आंबवड्याला पोचवला, बाकीचे जवळपास लागले. राहिल्या त्या सगळ्या माद्या. "मास्तर, येक घिऊ आन् वर्साला सात व्हनार," लोक म्हणत. आणि माझ्याकडे बोट दाखवायचं तेवढं बाकी ठेवत.

 डॉक्टर एवढंच म्हणाले, "पुण्याला शस्त्रक्रिया होते. आई आणि मुली, सगळ्यांचीच करून आणा. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला गाव सोडावं लागेल, किंवा गावाला तुम्हाला." मी त्या सगळ्यांना घेऊन गेनूच्या गाडीनं पुण्याला गेलो. सबंध प्रवासात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. सुशीचं लग्नही झालं. जगन्नाथाच्या मामांची एकच अट होती : पाठवणीत पिल्लू घालायचं नाही.

पण माझं नाव व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी रस्त्यानं हातात पिशवी घेऊन निघालो, की दोन्ही बाजूंची दारं लागायची. पुढं आम्हाला मुलगी झाली. मला आभाळ ठेंगणं झालं. पेढे घेऊन मी सगळ्यांत आधी हेडमास्तरांकडे गेलो. आत पावलं वाजली, मग कडी लागल्याचा आवाज झाला.

"कोण आहे?"

"मी दत्तू! सर, दार उघडा! मुलगी झाली!"

आत जराशी कुजबुज झाली. मग हेडमास्तरांचा आवाज आला, अगदी काकुळतीचा :

"मास्तर, नर असता तर विचार केला असता हो!"