दुसऱ्याच्या नावचं पान

दुपारचं जेवण उरकलं की म्हातारा बाजेवर आडवा होतो, डोळ्यांवर पंचा ओढतो आणि झोपेची वाट बघत पडतो. आज ती कसली येतेय! सकाळीच तानू सांगून गेलाय, "भागोजीबाबा, दिवस कलायच्या आत येतो. यसूकाकीला काय निरोप द्यायचा तो ठरवून ठेवा." तानू शेजारच्या गावचा. उसाच्या मळ्यातला करार संपला, उद्याच्या जहाजाने तो मोरस, म्हणजे मॉरिशस बेट सोडून संगमेश्वराकडे, घरी निघालाय. आजवर जो कोणी परत गेला त्याच्यापाशी म्हाताऱ्याने एकच निरोप दिलाय: बरा हाय म्हनावं.

बरा कसला, कपाळ! यसूचा नवरा भागोजी पस्तीस वर्षांपूर्वीच बुडाला. हा धाकू. त्याच गावचा, त्याच जहाजावरचा. हे बेटावर एकट्या त्यालाच ठाऊक आहे.

डोळा लागतो न लागतो तोच बाज एका बाजूला कलते. मग दुसऱ्या. कुडाबाहेर उसाची सळसळ चाललीये, ती हळूहळू जड होते, ओली होते, आणि धाकू जहाजाच्या पोटात, फळीवर निजलेला आहे. शेजारच्या फळीवर कोणीतरी कूस बदलतं.

"जागा हायस का रं?"

भागोजी अजून पंचविशीतलाच आहे. मेलेल्यांचं एक बरं असतं, केस पिकत नाहीत. अंगावरून पाणी निथळतंय आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही.

"इतक्या वर्सांत कंदी आला न्हाईस," धाकू म्हणतो.

"भूक लागली," भागोजी म्हणतो.

ते दोघे वर, उघड्यावर आहेत. शिडी चढल्याचं धाकूला आठवत नाही. उजाडतंय. मोरसचा डोंगर समोर दिसतोय, एवढा जवळ की वरची झाडं मोजावीत, आणि जहाज खडकावर बसून मधोमध फाटतंय. खाडीकाठी जन्मून धाकूला पोहता येत नाही. तो डोलकाठीला मिठी मारून बसलाय. भागोजी कमरेला दोर बांधतो, किनाऱ्यापर्यंत न्यायला. मग गळ्यातला नंबराचा पत्र्याचा बिल्ला काढून धाकूच्या गळ्यात अडकवतो.

"पव्हताना नरड्याला लागतोय. जरा धर."

तो उडी मारतो. धाकू बघत राहतो. पाण्यात एक मेज उभं आहे, लाटा त्याच्यावरून जाताहेत, आणि मेजामागे कोरडा ठणठणीत कारकून बसलाय. तो बिल्ल्यावरचा नंबर बघतो, वहीत बघतो आणि विचारतो, "भागोजी?" धाकूचा स्वतःचा बिल्ला समुद्राने नेलाय. बिल्ला नसलेल्यांना वेगळं बसवलंय, त्यांचं काय करणार कोणास ठाऊक.

"व्हय," धाकू म्हणतो.

"का रं व्हय म्हनलास?" भागोजी शेजारीच उभा आहे. रागाने विचारत नाही, हेच वाईट.

"भ्यालो. उद्या सांगू म्हनलं. मग वाटलं, ऱ्हाऊ दे, यसूचं कुंकू तरी ऱ्हाईल."

"वीस वर्सांची व्हती ती. कळलं असतं तर पाट लागला असता तिचा. पोरंबाळं झाली असती. अजून धक्क्यावर जाऊन बसती, ठावं हाय?"

धाकू मान खाली घालतो. आपल्यात विधवेचा पाट लागतो, हे काय त्याला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. स्वतःचं भित्रेपण झाकायला त्याने यसूचं कुंकू पुढे केलं आणि वर स्वतःला दयाळू समजत राहिला. त्याला स्वतःची किळस येते.

मान वर करतो तर समोर गावच्या घरापुढचं त्याचंच खळं. सारवलेल्या जमिनीवर गुडघाभर समुद्र.

"माझ्या नावचं पान कोन ठेवनार? मी जिता ना!" भागोजी हसतो. "मग म्हाळाच्या दिशी पितरांसंगं तुमच्या दारी यायचो. तू बुडालास म्हनून तुझ्या नावचं पान असायचं, आनि तू काय यायचा नव्हतास. तुझी आयस झ्याक वाढायची. वडं, भोपळा, खीर. दुसऱ्याच्या नावचं, पर पोट भरायचं."

"मग औंदा?"

"औंदा पान न्हाय."

"का?"

"वाढनारी आमच्यात आली."

धाकूला रडायचं असतं, पण पाणी सगळीकडे इतकं आहे की रडतोय की नाही ते कळत नाही. आई गेली. आणि हे सांगायला याला यावं लागलं.

"कुठं हाय ती?"

भागोजी हनुवटीने दाखवतो. खळ्याच्या कडेला एक म्हातारी लुगडं खोचून वाकलीये. पाण्यात माणसं पडलेली आहेत, जहाजाबरोबर बुडालेली सगळी. ती एकेकाची हनुवटी धरून तोंड वर करते, निरखून बघते आणि सोडून देते.

"तुला हुडकतीया. तू आमच्यात असशील म्हनून. चार म्हैने झालं. किती सांगितलं, न्हाय तो हितं. ऐकत न्हाय."

ती बघत बघत जवळ येते. धाकूची हनुवटी तिच्या ओल्या हातात येते. त्याच्या पांढऱ्या दाढीकडे ती बघते.

"बाबा, माझा धाकू बगितलास का? वीस वर्सांचा हाय. पव्हता येत न्हाय त्याला."

आये, मीच. एवढंच म्हणायचंय. पण पस्तीस वर्षांची सवय कुठे जाते?

"भागोजी," त्याच्या तोंडातून निघतं.

ती हात सोडते आणि पुढच्याकडे वळते.

"आये!"

कूड. बाज. दारातून आलेलं तिरपं ऊन. दारात बोचकं घेऊन तानू उभा आहे, घाबरलेला.

"बाबा, ओरडलात केवढ्यानं! आनि ही दाढीला वाळू कुठची?"

म्हातारा हनुवटीला हात लावतो. वाळू ओली आहे, खारट आहे. चार बोटांचे ठसे एका बाजूला, अंगठ्याचा दुसऱ्या. इथून समुद्र चार कोसांवर, आणि त्याने तो कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. तानू पुसायला पुढे होतो.

"ऱ्हाऊ दे," म्हातारा म्हणतो. "बस. निरोप ऐक. यसूला सांग, भागोजी जहाज फुटलं त्याच दिशी बुडाला. दोर घेऊन गेला व्हता, लोकांसाठी. त्याच्या नावचं पान ठेवा म्हनावं."

"काय बोलता, बाबा? ताप हाय का अंगात?"

"अजून हाय. गावात वरच्या अंगाला धाकूचं घर. म्हातारी एकटीच व्हती, आता दार बंद असंल. उंबऱ्यावर उभा ऱ्हा आनि मोठ्यानं सांग, धाकू जिता हाय, त्याला पान्यात हुडकू नको. घरात कोन नसलं तरी सांग."

तानू बोचकं खाली ठेवतो. "पर धाकू कोन?"

म्हातारा तोंड उघडतो.

"मी," तो म्हणतो. "मी धाकू."