सहदेव घाडींच्या पायांची गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या ओळखीच्या लोकांना हे वाक्य ऐकून हसूच येईल. हा? हा न सांगता राहिला? दोन माणसं बोलताना दिसली की जो तिसरा म्हणून घुसतो, लग्नात ज्याच्या शेजारच्या खुर्चीसाठी पाहुणे भांडतात, एका तेराव्याला ज्याने खुद्द गेलेल्याच्या बायकोला पदरात तोंड लपवून हसायला लावलं — तो? हो, तोच. पन्नाशी उलटली माझी, इतकी वर्षं बडबड केली आणि ही एक गोष्ट तेवढी गिळून बसलो. घरात बायकोलाही माहीत नाही. तुम्हाला सांगतो. मध्येच रंगवायला लागलो तर समजून घ्या — आणि तेवढा भाग सोडून द्या.

आम्ही तेव्हा घाटकोपरला, भटवाडीत राहायचो. टेकडीच्या चढावर चाळ, खाली नळ, नळाच्या बाजूला गेट. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. आमच्या वरच्या खोलीत सहदेव घाडी फौजेतून कायमचे परत आले. मूळचे मालवणकडचे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, मी त्यांना दादा म्हणायचो. दोन्ही पायांची बोटं गेलेली, डावं पाऊल तर अर्धंच राहिलेलं. कॅनव्हासच्या बुटात पुढे चिंध्या कोंबून चालायचे — टाच आधी टेकवून, होडीत उभा असलेला माणूस तोल सांभाळतो तसे. चढ उतरताना कठड्याला हात. चढतानाही.

बोटं कशी गेली, ते त्यांनी मला एका संध्याकाळी गॅलरीत सांगितलं. अगदी साध्या शब्दांत. खूप उंचावरची चौकी, वादळ लागलं, खालून सामान येईना, बूट ओले. पायाला काही कळेनासं झालं, मग बोटं काळी पडली, मग डॉक्टरने कापली. "दुखलासुद्धा नाय रे," ते म्हणाले. "दुखला असता तर बरा झाला असता." बस, एवढंच. गोष्ट संपली. मला आठवतं, मी थोडा हिरमुसलो होतो. शत्रू कुठाय? बंदूक कुठाय? असा कसा माणूस, एवढं घडलं आणि सांगता येत नाही?

मुंबईच्या माणसाला बर्फ कसा समजणार हो? आमचा बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी, नाहीतर शाळेबाहेरचा कालाखट्टा गोळा. नळावर चर्चा झाली — बर्फाने पाय जातो, तर आमच्या गोळेवाल्याचे हात अजून शाबूत कसे? कुणी म्हणालं, पिऊन पडला असेल. आणि त्यांना नाव पडलं, 'कुल्फी'. जिन्यात पावलं वाजली की पोरं हळूच म्हणायची, कुल्फी आली. नाव कुणी ठेवलं? मी ठेवलं. लगेच मान हलवू नका, मला सांगायचंय ते हे नव्हे. हे त्यामानाने लहान आहे.

पुढे लाज वाटली मला, हेही खरं. कारण घरात त्यांचे हाल दिसत होते. पेन्शनचे कागद कुठल्यातरी कचेरीत अडकलेले. सुमन वहिनी दोन घरची पोळीभाजी करायच्या. दादा काम मागायला जायचे तिथे सगळे आनंदाने म्हणायचे, फौजी ना, मग वॉचमन म्हणून ठेवतो की! म्हणजे बारा तास उभं राहायचं. त्या पायांवर. त्यांना बसून करायचं काम हवं होतं, एवढीच त्यांची मागणी. स्टोव्ह दुरुस्तीत हात चांगला होता — फौजेत शिकलेले. गेटजवळ जुन्या पंपाची पत्र्याची खोली रिकामी पडली होती. तिथे एक बाकडं टाकून बसले असते तर अख्ख्या भटवाडीचे स्टोव्ह आले असते. ही कल्पनाही माझीच. चाळ कमिटीचे अध्यक्ष चव्हाणकाका, त्यांच्याकडे मीच गेलो. काका म्हणाले, "अरे, एकाला दिली की उद्या दहा येतील. आणि ह्याने असं केलंय काय मोठं? बर्फात पाय बुडवून बसला."

मग मी काय केलं असेल?

तुम्ही ओळखलंत. मला तेवढंच येतं. दुसऱ्या दिवशी नळावर मी सहज म्हणालो, बर्फबिर्फ काही नाही हो, खरं सांगायला बंदी आहे त्यांना. गोळ्या लागल्यात पायाला. भांडी हातात धरून बायका थांबल्या. काय सांगू, काय शांतता पसरली! रोज ज्या नळावर कचाकचा भांडण, तिथे फक्त पाण्याचा आवाज. मला चढली. आठवड्याभरात गोळीची मशीनगन झाली. मग एक जखमी जोडीदार आला, त्याला पाठीवर घेऊन दादा रात्रभर रांगत आले. जोडीदाराला मी आईसुद्धा दिली, साताऱ्याची, एकुलत्या मुलाची वाट बघणारी. रडले लोक. कुल्फी हे नाव कुठल्या कुठे गेलं. जिन्यात पोरं अंग चोरून वाट द्यायला लागली, वरच्या माळ्यावर कुणी साखर पोचवली, कुणी नारळ. मदतीसाठीच केलं हे मी — असं म्हणू शकतो. पण नळावर शांतता झाली ना, तेव्हा मला दादांचे पाय आठवत नव्हते. मला माझा आवाज ऐकू येत होता.

दादांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यासमोर किंवा वहिनींसमोर विषय काढायचा नाही, बंदी आहे, असं मीच सांगून ठेवलेलं. त्यांना एवढंच दिसत होतं की माणसं बदलली. एकदा मला म्हणाले, "चाळ बरी आसा रे आपली. माणसा चांगली आसत." मी हो म्हणालो.

चाळीत सव्वीस जानेवारीला सार्वजनिक सत्यनारायण असायचा. दुपारी पूजा, संध्याकाळी लायटिंग, स्टेज, सत्कार, मग भजन. त्या वर्षी चव्हाणकाका स्वतः माझ्याकडे आले — घाडींचा सत्कार करू आणि पंपाची खोली त्यांना द्यायची हे स्टेजवरूनच जाहीर करू. शाल, श्रीफळ, सगळं. प्रमुख पाहुणे म्हणून मुलुंडचे एक रिटायर्ड सुभेदार. निवेदन अर्थात माझं.

आता इथे मी सांभाळून सांगतो.

दादा स्टेजवर खुर्चीत बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुटात नव्या चिंध्या. खाली पहिल्या रांगेत वहिनी, अबोलीची वेणी घालून. मी माईक घेतला आणि सुरू झालो. मशीनगन, दरी, जोडीदार, साताऱ्याची म्हातारी. सगळं. पाच मिनिटं मी दादांकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबलो असतो. टाळ्या पडल्या आणि मग वळलो, तर ते हात मांडीवर ठेवून माझ्याकडे नुसते बघत होते. रागाने नाही. परक्या भाषेतलं कुणी बोलावं आणि समजत नसावं, तसे.

सुभेदारसाहेबांनी शाल घातली आणि आपुलकीने विचारलं, कुठल्या चौकीवर झालं हे? माईक दोघांच्या मध्येच होता. दादांनी चौकीचं नाव सांगितलं. साहेब थबकले. "पण तिथे त्या वेळी फायरिंग कुठे होतं?"

"नव्हतं साब," दादा म्हणाले. "मला गोळी नाही लागली. बर्फ होता."

सगळ्या चाळीने ऐकलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला, आणि ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, "अरे, बर्फाने पाय जाणं ही काय लाज आहे? मी माणसं मेलेली बघितलीत त्या बर्फात. ते सांगितलं असतंस तर मी तुला सॅल्यूट केला असता. खोटं सांगून शाल घेतोस?"

म्हणजे खरं पुरलं असतं. नीट सांगणारं कुणी असतं तर पुरलं असतं. आणि चाळीत नीट सांगता येणारा माणूस एकच होता.

चव्हाणकाका लाल झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे? हे तुला कोणी सांगितलं?"

एक क्षण मिळाला होता मला. म्हणता आलं असतं — काका, मी रचलं. काय झालं असतं? शिव्या पडल्या असत्या. वर्षभर माईक मिळाला नसता. त्याहून जास्त काय? मी म्हणालो, "त्यांनीच. मला त्यांनीच सांगितलं."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून उभे राहिले, त्या पायांवर ताठ, आणि साहेबांना म्हणाले, "जी साब. मीच सांगितलं." शाल काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. स्टेजच्या पायऱ्या उतरताना त्यांना हात द्यायला कुणी पुढे आलं नाही. वहिनी उठून त्यांच्या मागे गेल्या. आणि मी? मी भजनी मंडळाची ओळख करून दिली. चांगली करून दिली.

का उभे राहिले ते माझ्यासाठी? शेजारी म्हणून? मी त्यांच्यासाठी कमिटीकडे खेटे घातले होते म्हणून? आपल्या तुकडीतलं पोर चुकलं तर वरच्याने अंगावर घ्यायचं, असं काही होतं का त्यांच्या मनात? मी कधी विचारलं नाही.

पंपाची खोली चव्हाणकाकांच्या जावयाला गेली, झेरॉक्सचं मशीन टाकायला. घाडी पावसाळ्याआधी चाळ सोडून चारकोपला गेले. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळ्यांच्या फाटकावर वॉचमन. उभे.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, वाईट केलंस, पण तरुण होतास, घाबरलास. नाही — इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी सांगून टाकलं असतं. सांगण्यासारखं आहे ते, त्याला स्टेज आहे, माणसं आहेत. मी जे गिळलं ते पुढचं आहे. तिथे स्टेज नव्हतं.

दोनेक वर्षांनी मी चारकोपला गेलो. माफी मागायला. वाक्यं पाठ करून गेलो होतो, बसमध्ये ओठ हलत होते माझे. सेक्टरमधली एक खोली, वर पत्रे. दादा घरीच होते. मला बघून इतके खूश झाले की मला बोलताच येईना. "बस, बस. चाय घेतल्याशिवाय सोडूचंय नाय तुका," म्हणाले आणि घरात दूध नव्हतं म्हणून स्वतःच पिशवी आणायला निघाले. मी जातो म्हटलं तर ऐकेनात. दारातून दिसत होते — टाच आधी टेकवत, भिंतीला हात लावत जाताना.

वहिनी स्टोव्हपाशी बसल्या होत्या. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? ह्यांनी तेव्हा असं का केलं हो?"

मी दाराकडे बघितलं.

"मला तर पहिल्या दिवसापासून बर्फच सांगतात. मग चाळीत गोळी कशाला सांगितली? विचारलं की म्हणतात, झालं ते झालं, सोड. माझ्याशी हा माणूस कधी खोटं बोलला नाही, असं मी समजत होते. आता साधं उशीर का झाला हे सांगतात ना, तरी मनात येतं, खरं असेल का. तुम्हाला तर सगळं बोलायचे. तुम्हाला माहितीय?"

पाठ केलेलं सगळं तोंडात होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चव्हाणकाका नव्हते, चाळ नव्हती, सुभेदार नव्हते. एक बाई होती, तिला तिचा नवरा परत हवा होता, आणि तो माझ्याकडे होता.

मी म्हणालो, "नाही वहिनी."

आणि तिथेही थांबलो नाही. माझी जीभ ती. समजुतीच्या सुरात पुढे म्हणालो, "वाटलं असेल त्यांना, चार माणसांनी मान द्यावा. माणूस आहे."

त्यांनी मान हलवली. "हां," म्हणाल्या. "तसंच असेल."

दादा दूध घेऊन आले. वहिनींनी पिशवी घेतली, त्यांच्याकडे न बघता. चहा झाला. मी भटवाडीचे किस्से सांगितले, नकला केल्या. दादा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. वहिनी हसल्या नाहीत. निघताना दादा फाट्यापर्यंत सोडायला आले.

दादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वहिनी आहेत, चारकोपलाच, त्याच खोलीत. मला घर माहीत आहे.