एक्केचाळीस आणि बेचाळीस

चारुदत्त पेंढारकरांनी जन्मात कधी चिमणीही मारली नाही. त्यांना वेड बंदुकीचं नव्हतंच, तिच्यावरच्या नंबराचं होतं. जुन्या रायफलीच्या नळीवर नंबर ठोकलेला असतो. तो जितका लहान, तितकी ती त्या बनावटीतल्या पहिल्यांपैकी. तिकडे उत्तरेत, मानक नगरात रेल्वेचे इंजिनिअर असताना त्यांच्या हाती शंभर वर्षं जुनी, छोटी विलायती रायफल लागली. नंबर एक्केचाळीस! झालं, बेचाळीसचा भुंगा डोक्यात शिरला. एकोणीस वर्षं या गृहस्थांनी सीतापूर-हरदोईतल्या जुन्या जमीनदारांचे उंबरे झिजवले. अखेर बेचाळीस सापडली. नळीवर खडू घासल्यावर आकडा पांढराशुभ्र उमटला, तेव्हा साठीचा हा माणूस चक्क रडला.

घरात तिसरीही एक होती. पत्नी पद्माबाईंच्या वडिलांची, साताऱ्याच्या सुभेदारांची, साधी एकनळी बंदूक. एकुलत्या लेकीकडे आली आणि परवाना जावयाच्या नावावर झाला.

मग कायदा बदलला. एका माणसाकडे दोनच शस्त्रं; तिसरं वर्षाच्या आत जमा करायचं. परवाना पद्माबाईंच्या नावावर काढता आला असता. चारुदत्तांना ते सुचलंही होतं. पण अर्ज, पोलीस तपासणी, कचेरीचे खेटे कोण घालणार? त्यांनी सुभेदारांची बंदूक शस्त्रांच्या दुकानदाराला देऊन टाकली. पद्माबाई "बरं" म्हणाल्या. त्या एका शब्दावर ते निर्धास्त राहिले, इतके ते भोळे, किंवा सोयीपुरते भोळे.

खंडेनवमीला त्यांनी दोन्ही रायफली पाटावर मांडल्या. पद्माबाईंनी विळीला हळदकुंकू वाहिलं, शिलाई मशीनला वाहिलं आणि उठल्या.

"अगं, ह्या राहिल्या."

"त्यांना तुम्हीच लावा," त्या म्हणाल्या. दरवर्षी असंच झालं. पाचव्या वर्षी मात्र चारुदत्तांना ते सोसवेना, आणि त्यांनी दुकान गाठलं.

बंदूक निशातगंजच्या एका बँकेच्या पहारेकऱ्याने घेतली होती. चारुदत्त वृंदावन योजना या आपल्या वसाहतीतून दोन रिक्षा बदलून तिथे पोचले. पहारेकरी भला माणूस. त्याने बंदूक रिकामी करून दाखवली. चारुदत्तांनी चष्मा सरसावून नंबर जुळवला, तीच होती. मग एकोणीस वर्षांची कमाई त्यांनी एका वाक्यात पणाला लावली. बदल्यात बेचाळीस देतो म्हणाले, रीतसर कागद करून.

"अंकलजी, आपकी छोटी रायफल से बैंक वाले नौकरी नहीं देंगे," तो म्हणाला. "यही बंदूक है तो ड्यूटी है."

चारुदत्त घरी परतले आणि पद्माबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं, रागावतील, निदान रडतील तरी.

पद्माबाईंचा चेहरा उलट उजळला. "पाहिलीत तुम्ही? अच्छा, दस्त्यावरची पितळी पट्टी आहे का हो अजून? मी लहानपणी पाडली होती ना, दस्ता चिरला. बाबांनी स्वतः ठोकली होती, खाली माझं नाव कोरून."

ती बंदूक अठरा वर्षं चारुदत्तांच्या कपाटात होती. आज तर ती त्यांनी हातात धरली होती.

"नंबर तोच होता," चारुदत्त म्हणाले.