मंदाकिनीबाईंचा पूर्ण डोस

शनिवार पेठेजवळच्या एका दवाखान्यात मंदाकिनी रिसबूड नर्स होत्या आणि क्षयरोगाच्या गोळ्या द्यायच्या. ‘द्यायच्या’ हा शब्द सौम्य आहे. रोग्याने त्यांच्यासमोर गोळी गिळायची, जीभ वर करून दाखवायची, मगच दाराबाहेर पडायचं. कोणी ‘घरी घेतो’ म्हणाला, तर बाई त्याची लघवी तपासत. त्या औषधाने ती नारिंगी होते. तशी नसली की सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारत, “गोळ्या तुळशीला घातल्यात वाटतं? झाड बरं आहे ना?”

औषध अर्धवट सोडलं की उरलेले जंतू त्याला जुमानत नाहीत, हे त्यांनी इतक्या जणांना सुनावलं होतं की निवृत्तीनंतरही रस्त्यात लोक त्यांना पाहून आधी खोकला दाबत, मग नमस्कार करत.

अशा बाईंच्या नवऱ्याला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. श्यामराव स्वारगेटच्या बस डेपोतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. रोग हाडांपर्यंत पोचला होता. उपचाराच्या नव्या पद्धतीच्या एका अभ्यासात त्यांचं नाव घातलं गेलं आणि गोळ्या सुरू झाल्या. रोग किती आहे ते दाखवणारा रक्तातला पीएसएचा आकडा भराभर खाली आला.

“निम्म्यावर आलाय,” डॉ. मिसबा इनामदार म्हणाल्या. “छान. आता गोळ्या बंद.”

मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “लागू पडतंय म्हणून बंद? लागू पडलं नसतं तर दुप्पट केलं असतं का?”

डॉक्टरांच्या शेजारी केयूर नावाचा तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. तो गणितवाला. त्याने सांगितलं की गाठीत दोन जातींच्या पेशी असतात: औषधाने मरणाऱ्या साध्या आणि न मरणाऱ्या हट्टी. औषध नसताना साध्या पेशी जोरात वाढतात आणि हट्टी पेशींना जागा मिळू देत नाहीत. सगळ्या साध्या मारून टाकल्या तर उरतात फक्त हट्टी. म्हणून आकडा निम्मा झाला की थांबायचं आणि पुन्हा मूळ पातळीला आला की सुरू करायचं. कधी काय होईल, ते समीकरणं सांगतात.

“म्हणजे साध्या पेशींनी सीटवर रुमाल टाकून ठेवायचा,” श्यामराव म्हणाले. “हट्टी उभ्यानेच.”

“करेक्ट, काका!”

“काय करेक्ट!” बाई म्हणाल्या. “रुमालाने जागा धरणाऱ्यांची रोज भांडणं होतात.”

उरलेल्या गोळ्या परत करायच्या होत्या. “संपल्या,” असं मंदाकिनीबाईंनी सांगितलं. आयुष्यात औषधाच्या बाबतीत त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

लहान मुलांना त्या गोळी कुटून मधातून देत. श्यामराव लहान नव्हते, म्हणून मेतकूट-भातातून, वर तुपाची धार. श्यामराव जेवणाची स्तुती करत राहिले. हळूहळू त्यांचे पाय सुजले, रक्तदाब चढला.

पुढच्या भेटीत केयूरने पडदा त्यांच्याकडे वळवला. औषध बंद धरून काढलेली गणिताची रेघ वर चालली होती. श्यामरावांचा आकडा खालीच.

“काका, मॉडेल म्हणतंय, औषध अजून चालू आहे.”

“मग मॉडेलच घेत असेल.”

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले. सूज दाबली की खड्डा राहत होता. “ही गोळी उपाशीपोटी घ्यायची असते,” त्या सावकाश म्हणाल्या. “जेवणातून गेली, त्यातही तुपाबरोबर, तर अंगात कितीतरी पट जास्त उतरते. मग असं होतं. जिवावरही बेततं.”

लोकांच्या लघव्या तपासून खोटं पकडणाऱ्या बाईंना एका रेघेने पकडलं होतं.

“मी घातली,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. आवाज दवाखान्यातलाच होता. “आणि मान खाली घालणार नाही. अर्धवट औषधाने मेलेली माणसं मी पाहिलीत. तुम्ही रेघा पाहिल्यात.”

“सिस्टर, क्षयाबद्दल तुमचं शंभर टक्के खरं,” डॉक्टर म्हणाल्या. “तिथे चार औषधं एकदम देऊन जंतू मुळापासून संपवता येतात. इथे हट्टी पेशी आधीपासूनच आहेत, आणि त्यांना संपवेल असं औषध माझ्याकडे नाही. पूर्ण डोस दिला, तर मी त्यांनाच रान मोकळं करून देते.”

“म्हणजे हे बरे होणार नाहीत.”

“नाही. पण रोगाला बरीच वर्षं अडवून धरता येईल, अशी आशा आहे. खात्री नाही.”

श्यामराव बायकोकडे बघत होते. “मला वाटलं, तुझ्या हाताला नवीन चव आलीय.”

“गप्प बसा हो.” मग त्या केयूरकडे वळल्या. “आता ह्यांना अभ्यासातून काढणार?”

“काकू, अभ्यासाच्या समितीला सांगावं लागेल. मधला डेटा बिघडलाय…”

“सांगा. माझं नाव घालून सांगा. लिहा, बायकोने विष घातलं. पण ह्यांना काढायचं नाही. आणि काढलंत, तरी उपचार हाच करायचा. मी इथून हलणार नाही.” आणि त्या खरंच हलल्या नाहीत. बाहेरचे पेशंट खोळंबले. शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलं: अभ्यासात राहोत वा न राहोत, उपचार याच पद्धतीने होईल. समितीने यथावकाश श्यामरावांना वगळलं. बाईंनी ते पत्र वाचून, “बरं,” एवढंच म्हटलं.

उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतः नेऊन दिल्या. मग आकडा चढू लागला. नणंद गोदाबाई धावत आल्या.

“वहिनी, वाढतोय आणि तू नुसती बसलीयेस? औषध दे ना गं त्याला!”

“मूळ पातळीला यायचा आहे अजून. मगच गोळी.”

“तू? तू असं म्हणतेस?”

“मीच म्हणते. वाढायलाच हवा तो. आणि वन्सं, तुमच्या पिशवीत तो काढा आहे ना, तो घरी परत न्या. या घरात आता कोणी कोणाला लपून काही पाजणार नाही.”

गोदाबाई काढ्यासकट गेल्या. बाईंनी पानं घेतली. श्यामराव पाटावर बसले, वरणभाताकडे बघत राहिले आणि ताट अलगद बायकोपुढे सरकवलं.

मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. घास कालवला, खाल्ला, आणि तोंड उघडून जीभ वर करून दाखवली.